ऑटोमॅटिक आजोबांचं मशीन

वीज गेली की माणसं मेणबत्ती शोधतात, वीज कंपनीला दोन शिव्या हासडतात आणि गच्चीत वारा खात बसतात. या गोष्टीतल्या बाईच्या घरी मात्र वीज गेली की मासे मरायला लागायचे.

लगेच नाही मरत. आधी वर येतात. घरामागच्या शेडमध्ये काचेच्या टाक्यांची ओळ होती, आणि त्यांत सोनेरी, काळे, पांढरे, फुगीर गालांचे, पदरासारख्या शेपट्यांचे शोभेचे मासे. एरवी टाकीभर मिरवणारी ही मंडळी हवेचा पंप बंद पडला की एकेक करून वर यायची आणि पाण्याच्या पृष्ठभागाला तोंड लावून उघडमीट करत राहायची. आवाज कसला तो नाही. निदान ओरडले असते तर बरं, असं तिला वाटे. मुकाट्यानं मरणाऱ्याकडे बघत उभं राहणं तिला जमत नसे.

म्हणून तर शेडच्या बाजूला पत्र्याच्या खोलीत तो जनरेटर होता. सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, तरुणपणी एका बंद पडलेल्या कारखान्यातून तो उचलून आणला होता. नुसता आणला नाही, त्याला शहाणं केलं होतं. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधून काढून टाकलेले रिले, म्हणजे विजेनं आपोआप उघडमीट होणारे स्विच, गोळा करून मामंजींनी स्वतःच्या हातानं एक पॅनेल बनवलं. लोखंडी पेटी, तिला काचेचं दार, आत ओळीनं रिले. वीज गेली की आत टक् व्हायचं, पॅनेल जरा वाट बघायचं आणि मग माणसाचा हात न लागता जनरेटर धडधडू लागायचा. त्या काळात लोक मुद्दाम बघायला येत. मामंजी मेन स्विच बंद करून दाखवत, मशीन सुरू होई आणि बघे टाळ्या वाजवत. तेव्हापासून सगळे त्यांना ऑटोमॅटिक म्हणत, आणि केस पिकल्यावर ऑटोमॅटिक आजोबा.

आणि या ऑटोमॅटिकच्या पोटी जन्माला आलेल्या तिच्या नवऱ्याला मित्र म्हणत खांब. कारण हा गडी जागचा हलायचा नाही. लग्नाला जायचं नाही, सहलीला जायचं नाही, रात्री झोपायचं तेही शेडमध्ये खाट टाकून. कुणी विचारलं तर म्हणे, माशांना सोबत. बायकोला सोबत कोण, हे कुणी विचारलं नाही.

ती भांडली. लग्नाचं पहिलं वर्ष रडून, पुढची काही वर्षं ओरडून, आणि मग टोमणे मारून. "ऑटोमॅटिक आहे ना मशीन? मग तुम्ही कशाला लागता?" तो खाली बघून म्हणायचा, "मशीनच ते. त्याचा काय भरवसा." दिवसा वीज गेली की हातातला घास टाकून तो धावायचा. मशीन सुरू झालं की सावकाश परत यायचा आणि गार झालेलं जेवायचा. मशीनच्या मीटरचे काटे बघायला गेलो होतो, म्हणायचा. काट्यांवर एवढं प्रेम करणारा माणूस तिनं दुसरा पाहिला नव्हता.

लेकीनं बापाशी असलं काही भांडण केलं नाही. तिनं बोलणंच कमी केलं. पदवी घेतली तेव्हा बाप आला नाही. लग्न याच गावात झालं, तर निरोपाच्या वेळी नेमकी वीज गेली आणि बाप गाडीपाशी नव्हता. पुढे लांबच्या शहरात तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं. आई धावली, बाप फोनवर नुसता श्वास घेत राहिला. त्या वेळी लेक म्हणाली, "तुमच्या माशांना माझ्याकडून विचारा, बरे आहेत ना." त्यानंतर बापलेकीचं धड बोलणं झालंच नाही, कारण थंडीच्या दिवसांत एका सकाळी तो खाटेवरून उठलाच नाही. हृदय बंद पडलं होतं.

तो गेल्यावर पहिल्यांदा वीज गेली तेव्हा घरात माणसं होती. ती वर बसली होती. खालून धडधड ऐकू येईल म्हणून ती वाट बघत राहिली, आणि धडधड काही आली नाही. धावत खाली गेली तर मासे वर आलेले. मशीनच्या अंगावर एक काळं बटण होतं, ते दाबून धरलं की इंजिन पेट घेई, एवढं तिला ऐकून माहीत होतं. तिनं अंगठा दुखेपर्यंत दाबलं. मशीन सुरू झालं. जमलेली माणसं हळहळली. मालकामागे मशीननंही जीव सोडला, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. तिलाही ते दोन दिवस फार खरं वाटलं. तिसऱ्या दिवशी आंघोळीला बसली असताना वीज गेली आणि ओल्या केसांनी जिना उतरताना त्यातला सगळा गोडवा उतरला.

कारण आता खांब ती झाली होती. बाजारात गेली तर निम्म्या पिशवीनं परत. झोप म्हणजे नुसती पडून राहणं. मामंजींच्या भरवशावर टाकावं तर त्यांचे गुडघे गेलेले, डावा हात थरथरणारा, आणि उजव्या हाताची दोन बोटं तिच्या लग्नाआधीच मशीनच्या पट्ट्यात गेलेली. ते बटण त्यांच्यानं दाबलं जात नव्हतं. एक माणूस ठेवून पाहिला. तो दुपारचा असा गाढ झोपला की एक अख्खी टाकी गेली. नवं मशीन सांगितलं तर दुकानदार म्हणाला, यायला काही महिने लागतील.

आणि लेकीचे दिवस भरत आले होते.

"आई, तू येणार ना?" लेक फोनवर विचारायची. डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून उठायला मनाई केली होती. जावई बिचारा धड माणूस, पण भेदरलेला. "मागच्या वेळेसारखं झालं तर मला तू जवळ हवीस. बाबांचं मी सोडून दिलं. तू पण आता खांब होणार का?"

"येते गं. मशीनचं तेवढं बघते आणि येते," ती म्हणायची. माशांना मरू द्यावं आणि निघावं, असंही मनात येई. मग टाकीपुढे उभं राहिलं की ते जमत नसे. नवऱ्यानं आयुष्य ओवाळून टाकलं होतं त्यांच्यावरून. ते मेले तर त्याचं मागे राहिलं काय?

मेकॅनिक आले तसे गेले. पहिल्यानं पॅनेलचं काचेचं दार उघडलं, आत बघितलं आणि चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखं हळूच लावून घेतलं. दुसरा म्हणाला, "बाई, हे भंगारात द्या." मामंजी तिथेच खुर्चीवर बसले होते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तिसरा येतो म्हणाला आणि अजून येतोच आहे.

शेवटी आला तो वायरमन. खांबाचा शाळेतला मित्र. तोंड इतकं चालणारं की हाताला काम उरू नये, पण माणूस मनानं स्वच्छ. "वहिनी, आज याला बोलतं केल्याशिवाय उठत नाही," असं म्हणून त्यानं सकाळीच पत्र्याच्या खोलीत बैठक मारली. मामंजींनी हट्टानं जिना उतरून खुर्ची दारात मांडून घेतली. उजवा हात नेहमीसारखा शालीत.

"आधी बॅटरी बघ," मामंजी म्हणाले.

बॅटरी ठणठणीत होती.

"मग टायमरमध्ये धूळ गेली असेल."

वायरमननं टायमर खोलला, फुंकला, पुसला, परत बसवला. तिनं मेन बंद केला. पॅनेलमध्ये टक् झालं. मशीन ढिम्म. तिनं मुकाट्यानं मेन परत चालू केला.

"तो खालच्या ओळीतला रिले चिकटतो कधीकधी," मामंजी म्हणाले.

तोही चिकटलेला नव्हता. दुपार झाली. वायरमनचा शर्ट पाठीला चिकटला आणि विनोद संपत आले. "काका, पॅनेल तर सगळं काम करतंय. वीज गेलेली कळते, थांबायचं तेवढं थांबतं, हुकूमही सोडतं. पण हुकूम इंजिन पेटवणाऱ्या सेल्फपर्यंत पोचत नाही. मध्ये कुठंतरी अडतोय. इथून पुढची वायर कशी नेलीय तुम्ही?"

"आता आठवत नाही," मामंजी म्हणाले.

तिनं वळून बघितलं. कुठल्या टाकीतल्या कुठल्या माशाची आजी कोण, हे सांगू शकणारा माणूस. स्वतःच्या हातानं ओढलेली वायर आठवत नाही?

"मग पॅनेल भिंतीपासून सरकवून मागून बघतो," वायरमन म्हणाला.

"नको!" मामंजी एकदम म्हणाले. "हलवू नको ते. जुनं आहे, सगळं विस्कटेल. राहू दे आता. उद्या बघू."

"उद्या नाही," ती म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून मामंजींच्या शब्दावर तिनं शब्द टाकला नव्हता. आज आपोआप टाकला गेला. "मामंजी, तिकडे पोरीला कधी कळा सुरू होतील सांगता येत नाही." मग वायरमनला म्हणाली, "पेटी सरकवा हो तुम्ही."

वायरमननं आणि तिनं मिळून पेटी ओढली. मागे कोळ्यांनी संसार थाटले होते. वायरमननं टॉर्च मारला, डोकं आत घातलं.

"वायर तुटलीय, वहिनी."

"उंदरानं कुरतडली असेल."

"उंदीर कुरतडतो. वर टेप गुंडाळून ठेवत नाही." त्यानं वायरचं टोक उजेडात ओढलं. पकडीनं एका घावात कापलेलं, आणि वर काळी टेप नीट गुंडाळलेली. टेप इतकी जुनी की कडक झाली होती. "ही आत्ता नाही कापलेली. हे मशीन कित्येक वर्षांत आपोआप सुरू झालेलंच नाही."

"काहीतरीच काय! रोज होत होतं. मी ऐकत होते ना वर!"

बोलता बोलता तिची नजर टेपवर गेली. टेपचं शेवटचं टोक चिमूटभर दुमडून ठेवलेलं होतं. तो तसंच करायचा. माशांच्या खाद्याचं पाकीट असो, चिकटपट्टी असो, शेवटचं टोक दुमडायचं. म्हणजे उघडताना नखानं उकरत बसावं लागत नाही. घरात ही खोड दुसऱ्या कुणाला नव्हती. वायर त्यानं कापली होती. आणि कधीतरी परत उघडायची, म्हणून टोक दुमडून ठेवलं होतं.

मग वीज गेल्यावर मशीन कोण सुरू करत होतं?

तिला उत्तर शोधावं लागलं नाही. टाकलेले घास, शेडमधली खाट, निरोपाच्या वेळची रिकामी जागा, सगळं एकदम समोर येऊन उभं राहिलं. तिनं खाली बसून घेतलं.

वायरमनला यातलं काय कळलं कोण जाणे. त्याला हुरूप आला होता. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! दिवसभर पुढून मारामारी, आणि दुखणं मागे." त्यानं टेप सोडवली, दुमडलेल्या टोकामुळे ती खरंच चटकन सुटली. वायर सोलली, पिळली, जोडली, नवी टेप लावली. पेटी सरकवताना पक्कड निसटून मशीनखाली गेली. ती काढायला तो पट्ट्याजवळ वाकला आणि आत हात घालूनच म्हणाला, "हां वहिनी, पाडा मेन. बघू काय म्हणतंय."

तिनं उठून मेनच्या दांड्याला हात लावला.

"हात काढ!"

हा आवाज मामंजींचा होता हे पटायला तिला क्षण लागला. ते खुर्चीतून उठून उभे राहिले होते, कुणाचा आधार न घेता. शाल खाली पडली होती आणि दोन बोटं नसलेला हात हवेत होता. "हात काढ आधी तिथून! पोरी, दांडा सोड! सोड म्हणतो ना!"

तिनं दांडा सोडला. वायरमननं चटका बसल्यासारखा हात बाहेर घेतला. तिनं धावत जाऊन मामंजींना परत खुर्चीत बसवलं.

"असंच झालं होतं," ते म्हणाले. "असाच हात घातला होता मी. पट्टा सैल झालाय का बघायला. मशीन बंद होतं. आणि वीज गेली."

पट्ट्यात बोटं गेली, एवढंच तिला लग्नात सांगितलं होतं. चालू मशीनमध्ये हात घालण्याचा धांदरटपणा म्हातारपणी शोभला असता, तरुणपणी कसा केला, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

"माझंच पॅनेल," मामंजी म्हणाले. "टक् झालेलं मला ऐकू आलं. ते काय करणार आहे हे जगात मला एकट्याला माहीत होतं, आणि हात निघेना. पोरगा शेजारी उभा होता. मी त्याला ओरडून म्हटलं, तोड ती वायर. तोड. दवाखान्यात नेईपर्यंत तेच म्हणत होतो. परत आलो तर त्यानं तोडलेली."

"मग नंतर?" तिनं विचारलं.

"नंतर लोक येत राहिले. काय आजोबा, ऑटोमॅटिक कसं चाललंय? मी म्हणायचो, चाललंय. वीज गेली की वर मला त्याच्या चपलांचा आवाज यायचा. मग मशीनचा. मला रोज कळत होतं, पोरी."

"मग जोड म्हणायचं होतं!"

"उद्या म्हणू, असं करत राहिलो. मला वाटे, तो विचारेल. बाबा, आता जोडू का, म्हणून. त्यानं विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. पण त्याला वाटत असणार, बाबांनी तोड म्हटलंय, तर जोड पण बाबाच म्हणतील. भित्रा नव्हता तो. माझा शब्द मोडायचा नाही एवढंच."

"आणि मी?" तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "मला कोण विचारणार होतं? एकाला विचारायची लाज, दुसऱ्याला सांगायची लाज, आणि मी वेडी वर बसून ऐकतेय ऑटोमॅटिक मशीन! लेकीच्या निरोपाला बाप नव्हता, मामंजी. तिचं बाळ गेलं तेव्हा बाप नव्हता. आज सकाळपासून तुम्ही बॅटरी बघ, टायमर बघ करत बसलात. पोरगी तिकडे माझी वाट बघतेय, आणि तुम्ही तेव्हाही..."

"रागव," मामंजी म्हणाले. "त्यानं तेवढं सुद्धा केलं नाही कधी."

हे ऐकून तिचा राग कुठल्या कुठे गेला आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं. रागवायचं ज्याच्यावर होतं तो नव्हता, आणि जो होता तो खुर्चीत एवढासा झाला होता.

वायरमन मशीनखालून काढलेली पक्कड पुसत उभा होता. शेवटी म्हणाला, "वहिनी, एकदा चालवून बघू या का?" सगळे मशीनपासून लांब झाले. तिनं मेन पाडला. पॅनेलमध्ये टक् झालं. शांतता. तिला वाटलं, नको होऊ दे. मनापासून वाटलं. मग सेल्फ घरघरला, इंजिननं धूर सोडला आणि माणसाचा हात न लागता मशीन धडधडू लागलं. शेडमध्ये टाक्यांतून बुडबुडे परत सुरू झाले.

मामंजी कान देऊन ऐकत होते. "उशीर लावतं," ते म्हणाले. "तो याच्याआधी पोचायचा."

वायरमननं खडूनं मशीनच्या अंगावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: हात लावण्याआधी पॅनेल बंद करा, हे आपोआप सुरू होतं. "पुढच्या वेळी आलो की रंगानं पाटी करून देतो," तो म्हणाला. "एवढी पाटी असली की भीती नाही." असं बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. मग पिशवी आवरून, चहासुद्धा न घेता तो निघाला. दारात तिनं त्याला थांबवलं.

"बाहेर कुठं बोलू नका हे."

"मी काय बोलणार, वहिनी? खांब म्हणून त्याला हाक मारणाऱ्यांत मी पहिला होतो," तो म्हणाला आणि सायकलवर बसून गेला.

तिला आता आनंद व्हायला हवा होता. शेजारणीनं मामंजींच्या जेवणाचं कबूल केलं, माशांना खायला मामंजी घालणार होते, आणि उद्या सकाळच्या गाडीनं ती लेकीकडे निघणार होती. तिनं पिशवी काढली, साड्या घड्या घातल्या. आणि मध्येच हातातली साडी तशीच धरून बसून राहिली. दुखणं असाध्य असतं तर बरं झालं असतं. पार्ट मिळत नाही, मशीनच तसलं, नशीबच तसलं, असं म्हणून उरलेला जन्म काढता आला असता. पण एक वायर! पिळायची आणि टेप लावायची. चहा उकळायला जास्त वेळ लागतो. तेवढ्यासाठी या माणसानं आयुष्यभर गार जेवावं, आणि तिनं त्याला आयुष्यभर टोचावं? ती रडली नाही. कुणासाठी रडायचं हेच तिला ठरवता येईना: त्याच्यासाठी, स्वतःसाठी, की खाली शेडमध्ये माशांना दाणे टाकत उभ्या असलेल्या म्हाताऱ्यासाठी.

संध्याकाळी तिनं लेकीला फोन लावला.

"उद्या निघते गं. रात्रीपर्यंत पोचते."

पलीकडे लेक इतकी खूश झाली की तिला जरा बरं वाटलं. "खरंच? आणि मशीन?"

"झालं दुरुस्त."

"काय सांगतेस! काय झालं होतं गं त्याला?"

यात काही अवघड नव्हतं. वायर सुटली होती, एवढं म्हणायचं. पण मग लेक विचारणार, एवढंच? आणि मग? बाबांना इतक्या वर्षांत एक वायर जोडता आली नाही? ते काय म्हणून नाही आले मग? तिच्याकडे सगळी उत्तरं होती, आणि त्यांतलं एकही दिवस भरलेल्या पोरीला फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. आजोबांना तिच्या नजरेतून उतरवायचं, की बापाला?

"फार जुना, मोठा बिघाड होता," ती म्हणाली. "कुणालाच सापडत नव्हता. आजचा माणूस हुशार निघाला म्हणून. फार अवघड होतं ते. तुझ्या बाबांच्या हातातलं नव्हतं."

फोन कट झाला की काय म्हणून तिनं कानापासून काढून बघितला. मग ऐकू आलं. लेक रडत होती.

"म्हणजे तेव्हाही मशीन बाबाच हातानं सुरू करत होते. ते खरंच येऊ शकत नव्हते," लेक म्हणाली. "त्यांना खरंच जमत नव्हतं. आणि मी काय बोलले गं त्यांना? माशांना विचारा म्हणाले. शेवटचं तेच बोलले मी. आई, ते ऐकून काय वाटलं असेल त्यांना? सांग ना, काही म्हणाले होते का ते?"

ती उभी होती ती भिंतीला टेकली. आता खरं सांगावं तर बाप जातो, आणि खोटं तसंच ठेवावं तर लेक जन्मभर स्वतःला खात बसते.

"रडू नकोस," शेवटी ती म्हणाली. "अशा दिवसांत रडू नये गं. मी येतेय ना उद्या."

लेक रडतच राहिली, आणि ती फोन कानाला धरून ऐकत राहिली.